वाडींतलीं ‘वांझ’ झाडें

आमच्या घराच्या मागील दाराशीं उभें राहिलें कीं सबंध वाडी नजरेंत येते. वर माडांचे झाप, त्यांच्या खालीं पोफळींच्या सरळ ओळी, आणि पोफळींच्या सांवलींत काळसर हिरव्या पानांचीं जायफळाचीं झाडें. हीं जायफळें माझ्या वडिलांनीं, म्हणजे नानांनीं, १९८७ सालच्या पावसाळ्यांत लावलीं. रोपें विकणारानें प्रत्येक रोपाचीं पानें उन्हाकडे धरून शिरा दाखविल्या होत्या, व ‘हीं सारीं मादी आहेत’ अशी हमी देऊन रोपामागें रुपया अधिक घेतला होता. त्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. असल्या हमी देणारे पुष्कळ आहेत. रोपें चोवीस होतीं. त्यांतलीं दोन पहिल्याच उन्हाळ्यांत वाळलीं. उरलेल्या बावीस झाडांना घरांतल्या माणसांनीं सात वर्षें पाटाचें पाणी दिलें, शेणखत घातलें, गुरांपासून राखलें, आणि १९९४ च्या सुमारास त्यांना पहिला फुलोरा आला.

फुलोरा आल्यावर हमीचें मोल कळलें. बऱ्याच झाडांवर फुलांचे घोसच्या घोस लटकत, पण फळ एकहि नाहीं. चार वर्षें वाट पाहून १९९८ सालीं मीं मोजणी केली. फळें धरणारीं झाडें नऊ. नुसतींच फुलणारीं बारा. आणि एक झाड असें कीं त्यानें अद्याप फुलण्याचें नांवच काढलें नव्हतें. घरांत या बारा झाडांना सगळे ‘वांझ’ म्हणत. वाडीचा व्यवहार माझे वडील बंधु पाहत, त्यांना आम्ही दादा म्हणतों. दादांचा हिशेब सरळ होता. बारा झाडें खत खातात, पाणी पितात, पोफळींचा उजेड अडवितात, आणि देत कांहींच नाहींत. त्या वर्षीं दसऱ्यानंतर त्यांनीं गडी बोलाविले.

अकरा झाडें पडलीं. बाराव्या, विहिरीजवळच्या झाडापाशीं गडी आले तेव्हां आमच्या काकू पडवींतून खालीं उतरल्या. काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांच्या पत्नी. काका जाऊन तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. त्या उभयतांना मूलबाळ नव्हतें. काकूंना घरांत मोठ्यानें बोलतांना मीं कधीं ऐकलें नाहीं, आणि त्या दिवशींहि त्यांचा आवाज चढला नाहीं. दादांना त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, फळत नाहीं म्हणून तोडायचें, हा नेम या घरांत केव्हांपासून आला? तसें असेल तर माझी पाळी कधीं येते तेंहि सांगून ठेव.”

दादांनीं गड्यांना परत पाठविलें. विहिरीजवळचें झाड राहिलें. त्यानंतर घरांत त्या विषयाचा कोणी उच्चार केला नाहीं; परंतु पुढें तीन-चार वर्षें त्या झाडानें मला जें शिकविलें तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहें. चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसाला आपल्या मागील दारचें झाड वाचतां येऊं नये, ही गोष्ट तशी भूषणावह नव्हे.

जायफळ ही विभक्तलिंगी जात आहे. म्हणजे तिचीं कांहीं झाडें केवळ नर असतात व कांहीं केवळ मादी. माडाच्या एकाच पोयींत नर व मादी दोन्ही फुलें असतात, फणसाच्या एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेचे फुलोरे येतात, म्हणून परसांतला एकटा फणसहि फळांनीं लगडतो. आपल्या डोळ्यांना हीच रीत परिचयाची, आणि संख्येनें पाहतां तीच मोठी आहे. जगांतल्या सपुष्प वनस्पतींत विभक्तलिंगी जाती शेंकडा सुमारें सहा. मात्र उष्ण प्रदेशांतल्या अरण्यांत नुसते वृक्षच मोजले तर हें प्रमाण बरेंच वाढतें; मध्य अमेरिकेंतल्या कोस्टारिका देशांतील अरण्यांत तें शेंकडा विसांच्या वर भरलें. आणि आपल्या परसांत तरी असलीं झाडें थोडीं का आहेत? रातांबा आहे. पपई आहे. ताड आहे, ताडी दोन्ही झाडांची निघते, पण ताडगोळे मादीच देते, आणि ताड नर कीं मादी हें कळावयास लावणाराचे केंस पिकावे लागतात.

केवड्याची गोष्ट तर मौजेची आहे. ज्या केवड्याचा वास पेटींतल्या लुगड्यांना महिनेमहिने येतो, जो बायका वेणींत माळतात, तो नर झाडाचा फुलोरा होय. मादी केवड्याला अननसासारखें कणीस येतें, पण तो सुगंध नाहीं. ओरिसांतल्या गंजाम जिल्ह्यांत केवड्याचें अत्तर काढण्याचा मोठा धंदा आहे, आणि तेथले लोक नर केवड्याचेच फुटवे लावतात. तेथें कोणी शेतकरी आपल्या वाडीची मोजणी करील तर नर हेंच धन व मादी हीच अडगळ ठरेल. आमच्या दादांचा हिशेब तेथें उलटा मांडावा लागेल. झाड तेंच, गरज बदलली कीं निरुपयोगी कोण हेंहि बदलतें.

संस्कृत पढलेल्या माणसाला अशा वेळीं कोश उघडल्याशिवाय चैन पडत नाहीं. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत न फळणाऱ्या वृक्षाला वंध्य, अफल व अवकेशी अशीं तीन नांवें दिलेलीं आहेत, आणि तीं पुल्लिंगी आहेत, कारण वृक्ष शब्दच पुल्लिंगी. पण ‘वंध्य’ शब्द मराठींत उतरला तो बायकांच्याच वांट्याला आला. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत कुटजाचे, म्हणजे आपल्या कुड्याचे, स्त्री व पुरुष असे दोन भेद सांगितले आहेत. हें वाचून मला प्रथम फार आनंद झाला होता. आपल्या पूर्वजांना वृक्षांतला लिंगभेद ठाऊक होता, असें मीं वर्गांत सांगितलेंहि होतें. पुढें कळलें कीं हे दोन भेद म्हणजे दोन निराळ्या जातींचीं झाडें होत, ज्यांना आपण पांढरा कुडा व काळा कुडा म्हणतों. आणि दोघांच्याहि प्रत्येक फुलांत पुंकेसर व किंजपुट दोन्ही असतात. फुलाचा रंग, फळाचा आकार यांवरून आचार्यांनीं स्त्री-पुरुष हे शब्द सोयीसाठीं वापरले. चूक त्यांची नव्हती, ती माझ्या उतावळेपणाची होती.

खरा लिंगभेद प्राचीनांनीं ओळखला तो खजुरांत. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानें नर खजुराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यावर झाडण्याची चाल वर्णिली आहे, आणि इराकच्या बाजूला ती त्याच्याहि आधींपासून होती. पण ही चाल म्हणजे माळ्याची युक्ति. तिच्यामागचें तत्त्व प्रयोगानें दाखविलें तें ट्युबिंगेनच्या कामेरारियस नांवाच्या वैद्यानें, १६९४ सालीं. तुतीचें मादी झाड जवळपास नर नसतांहि फळतें, पण त्याच्या बिया पोकळ निघतात, हें त्यानें पाहिलें होतें.

आतां पहिला प्रश्न असा कीं, नानांनीं आणलेल्या रोपांत जवळजवळ निम्मीं नर निघालीं हा दैवाचा खेळ कीं सृष्टीचा नेम? जायफळाचें बीं पेरलें तर सामान्यतः निम्मीं नर, निम्मीं मादी अशींच रोपें मिळतात. रातांब्याचें तेंच. एका नराचे पराग अनेक माद्यांना पुरतात हें उघड असतां निसर्गानें नरांची एवढी चैन कां करावी? दहा माद्यांस एक नर असता तर बियांची किती तरी चंगळ झाली असती! चार्ल्स डार्विनलाहि हा प्रश्न सुटला नाहीं. त्यानें तो पुढच्या पिढ्यांवर सोंपविला. जर्मनींत कार्ल ड्यूसिंग यानें १८८४ सालीं त्याचें गणित मांडलें, आणि १९३० सालीं रोनाल्ड फिशर या इंग्रज पंडितानें तें आपल्या ग्रंथांत थोडक्यांत सांगितलें. हा फिशर प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कलकत्त्याच्या संख्याशास्त्रसंस्थेंत पाहुणा म्हणून अनेकदां येऊन गेला होता.

त्याचा युक्तिवाद घरगुती भाषेंत असा मांडतां येईल. प्रत्येक बीजाला एक आई आणि एक बाप असतो, अपवाद नाहीं. म्हणून पुढच्या सबंध पिढीचें निम्में पितृत्व साऱ्या नरांत मिळून वांटलें जातें, व निम्में मातृत्व साऱ्या माद्यांत. समजा, एखाद्या रानांत दहा माद्या व एकच नर आहे. मग त्या एका नराच्या वांट्याला दहा माद्यांएवढी संतति येते. अशा रानांत ज्या झाडाच्या बियांतून नर अधिक निपजतील त्याचीं नातवंडें सर्वांत जास्त होतील. हा नर निपजविण्याचा गुण वाढत जाईल, नर वाढतील, आणि त्यांचा फायदा कमी होत होत दोन्ही पारडीं समान होतील. उलट नर जास्त झाले तर माद्या निपजविणाराचें फावेल. म्हणजे समप्रमाण हें कोणी ठरवून दिलेलें नसून, कमी पडणाऱ्या बाजूला नेहमीं लाभ असल्यामुळें तें आपोआप टिकतें. बियांची चंगळ व्हावी ही शेतकऱ्याची इच्छा आहे. झाडाच्या हिशेबांत ती धरलेली नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ घरांत तीमुळें फसगत होते. निम्में प्रमाण म्हणजे दर दोन रोपांत एक नर व एक मादी असें नव्हे. मीं शाळेंत मुलांकडून नाणीं उडवून घेत असें, तोच हा प्रकार. परसांत रातांब्याचीं दोनच रोपें लावलीं तर दोन्ही एकाच लिंगाचीं निघण्याचा संभव निम्मा. मग सात-आठ वर्षांनीं एक तर नुसतीं फुलें, नाहीं तर मादी असून पराग नाहींत. तीन लावलीं तर हा धोका चारांत एक, पांच लावलीं तर सोळांत एक. आणि वीस रोपें लावलीं तरी बरोबर दहा-दहा निघण्याचा योग शंभरांत अठरांहून कमीच. शिवाय नशिबाला पसरून बसण्याची संवय नसते. आमच्या वाडींत पश्चिमेकडच्या टोंकाला पांच माद्या एका ठिकाणीं आल्या होत्या व उत्तरेला चार नर लागोपाठ. नाना याला जागेचा दोष म्हणत. दोष कसला, नाणें चारदां उडविलें तर सोळांत एकदां चारी वेळा छाप पडतोच.

नराचीं झाडें तोडल्याच्या पुढल्या हंगामांतच, म्हणजे १९९९ सालीं, जायफळें कमी उतरलीं. दादा म्हणाले, अकरा झाडें गेल्यानें ऊन आंत शिरलें, मुळें तापलीं. त्यांत तथ्य नव्हतें असें मीं म्हणणार नाहीं. जायफळाला सांवली लागतेच. दुसऱ्या वर्षीं आम्हीं पावसाला बोल लाविला. पण २००१ सालींहि तोच प्रकार झाला, तेव्हां मीं चौकोनी रेघांच्या कागदावर वाडीचा नकाशा काढला, प्रत्येक मादी झाडापुढें त्याचीं फळें मांडलीं, आणि आकड्यांनीं माझ्याशीं स्पष्ट भाषण केलें. विहिरीजवळच्या तीन माद्या पूर्वींइतक्याच फळत होत्या. पूर्वेच्या गडग्याला लागून असलेल्या दोघींचें बरें चाललें होतें. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांच्या वाडींत दोन नर जायफळें होतीं. पश्चिमेच्या पांच माद्यांवर, ज्यांच्या आसपास आतां एकहि नर नव्हता, फळें बोटांवर मोजण्यासारखीं. या पांचांत तें मागें राहिलेलें झाडहि होतें. तें २००० सालीं फुललें आणि मादी निघालें. म्हणजे १९९८ सालीं मीं जी ‘बारास नऊ’ अशी मोजणी केली होती ती खरी ‘बारास दहा’ होती. हा फरक लहान दिसला तरी त्याचा उपयोग पुढें सांगतों.

पश्चिमेच्या माद्या फुलत नव्हत्या असें नव्हे, फुलत होत्या. पण त्यांच्यापर्यंत पराग पोंचत नव्हते. जायफळाचे पराग वाऱ्यावर विसंबून नसतात. दक्षिण भारतांतल्या जायफळांवर १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मुंगीसारखा दिसणारा एक अगदीं बारीक भुंगेरा हें काम करतांना आढळला. जायफळाचीं फुलें रात्रीं उमलतात. नर व मादी फुलें फिकट पिवळीं, घंटेसारखीं, सुवासिक. दिसावयास इतकीं सारखीं कीं उकलून आंत पाहिल्यावांचून भेद कळत नाहीं. नर फुलांत पुंकेसरांचा एक जुळलेला खांब असतो, मादी फुलांत फुगीर किंजपुट. भुंगेऱ्याला खावयास पराग हवे असतात, आणि ते मादीकडे नसतातच. तो तिच्याकडे येतो तो रूपाला व गंधाला भुलून. अशा पाहुण्यानें दूरवर, जेथें नुसत्या माद्याच आहेत तेथें, वारंवार कां जावें?

तरी माझें अनुमान दादांना पटेना, आणि नुसत्या नकाशावर विश्वास ठेवूं नये हें त्यांचें म्हणणें योग्यच होतें. म्हणून पुढल्या फुलोऱ्याला मीं विहिरीजवळच्या झाडाचीं ताजीं नर फुलें द्रोणांत घेतलीं, पश्चिमेच्या एका झाडाचीं तीस फुलें निवडून त्यांच्या किंजल्कांवर सकाळीं पराग लाविले, व देंठांना तांबडा दोरा बांधला. दुसऱ्या तीस फुलांना पांढरा दोरा बांधून तीं तशींच सोडलीं. काकू शिडी धरून उभ्या असत. तांबड्या दोऱ्याच्या फुलांपैकीं अकरांनीं फळ धरलें, पांढऱ्यापैकीं एकानें. जायफळाचें फळ पिकावयास आठ-नऊ महिने लागतात. पण दादांनीं तेवढी वाट पाहिली नाहीं. सुपारीएवढीं फळें दिसूं लागतांच त्यांनीं एके संध्याकाळीं मला विचारलें, “मग आतां काय करावयाचें?”

त्या उत्तराकडे जाण्यापूर्वीं थोडें अरण्यांत जाऊन यावें लागेल. माणसानें न लावलेल्या रानांत नर-मादींचें प्रमाण काय असतें? वर सांगितलेला फिशरचा नेम बियांपुरता आहे. मोठ्या झाडांची मोजणी केली कीं तो पुष्कळदां ढळलेला दिसतो. कोस्टारिकांतल्या वृक्षांची अशी मोजणी ऑपलर व कमलजित बावा यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केली. हे बावा मूळचे पंजाबचे. तींत पुष्कळ जातींत नरांची संख्या अधिक आली. पुढें २०१३ सालीं जगभरच्या २४३ विभक्तलिंगी जातींचे आंकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हां नर अधिक असणाऱ्या जाती मादी अधिक असणाऱ्यांच्या दुप्पट निघाल्या. आणि नरांचा भरणा विशेषतः दीर्घायु वृक्षांत व गरयुक्त फळांच्या जातींत दिसला.

याचें कारण फार साधें आहे. फूल उमलविणें स्वस्त, फळ पोसणें महाग. नराचा खर्च फुलोऱ्याबरोबर संपतो. मादीला त्यानंतर कित्येक महिने गर, बीं, कवच, तेल सारें भरावयाचें असतें. म्हणून नर लहानपणींच फुलूं लागतो व बहुधा दरवर्षीं फुलतो. मादी अंगांत बळ आल्यावर फुलते, आणि एका वर्षीं पुष्कळ फळल्यावर पुढें विसांवा घेते. मोजणाराला तर लिंग फुलांवरूनच कळतें. जीं फुललीं नाहींत तीं त्याच्या वहींत येतच नाहींत, आणि त्यांत माद्या अधिक असतात. आमच्या मागासलेल्या झाडानें मला हाच धडा दिला होता. कांहीं ठिकाणीं माद्या फळण्याच्या श्रमानें खरोखरच लवकर खचतात. पण पुष्कळसा फरक एकाच वर्षीं मोजण्यानें पडतो. एका हंगामाची मोजणी करून कोण अधिक, कोण उणें हें ठरविणाऱ्यानें आणखी चार-पांच हंगाम थांबावें.

आणि झाडें रानांत कोठें उभीं असतात? सह्याद्रींतल्या रानजायफळांचीं बीजें धनेश पक्षी गिळतात व दूर टाकतात. उरलेलीं आईच्याच सांवलींत पडतात. म्हणून रोपांचे घोळके माद्यांभोंवतीं दिसतात, नरांभोंवतीं नाहीं. पण त्या घोळक्यांत मुलगा कोठें व मुलगी कोठें हें पुन्हा नाण्याच्या छापाप्रमाणेंच ठरतें. दाट रानांत याची अडचण येत नाहीं, कारण कोठेंतरी हांकेच्या अंतरावर नर असतोच. रान तुटून तुकडे झाले म्हणजे मात्र प्रत्येक तुकडा आमच्या वाडीसारखा होतो. आपल्या भीमाशंकरच्या अरण्यांत हेमा सोमनाथन व रेने बोर्जेस या विदुषींनीं हाच प्रश्न घेतला होता, कीं माणसाच्या तोडीमुळें विभक्तलिंगी वृक्षांची संख्या, त्यांची मांडणी व फलधारणा यांवर काय परिणाम होतो; त्यांचा निबंध २००० सालीं प्रसिद्ध झाला. आम्ही ज्या वेळीं पावसाला दोष देत होतों त्याच वेळीं, आमच्याहून कांहीं कोसांवर, घाटमाथ्यावर ही विद्या सिद्ध होत होती, याचें मला अजून नवल वाटतें. दोडामार्ग तालुक्यांत बांबर्डे-हेवाळे येथें पाणथळींत रानजायफळांची राई अजून उभी आहे. अशा राईंतलें न फळणारें झाड जळणाला चालेल असें कोणास वाटलें, तर त्यानें तोडण्यापूर्वीं त्याचें फूल एकदां उकलून पाहावें.

आतां दादांच्या प्रश्नाचें उत्तर. जायफळाच्या बागेंत दहा माद्यांस एक नर पुरे, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे दादांचें म्हणणें संख्येपुरतें फारसें चुकलें नव्हतें. बारा नर आम्हांला नकोच होते. चूक झाली ती जागेची. जे एक-दोन ठेवावयाचे ते मध्यभागीं, सगळ्या माद्यांना जवळ पडतील असे ठेवावयास हवे होते, आणि आम्हीं वाडी सरसकट झाडली. राहिला तो एक काकूंच्या शब्दामुळें राहिला, आणि तो होता पूर्वेच्या अंगाला.

नवीं रोपें लावणारांनीं हमीवर विसंबूं नये. पानांच्या शिरा, बीजाचा आकार, रोपाची ठेवण, यांवरून नर-मादी ओळखण्याच्या पुष्कळ युक्त्या सांगतात. भरंवशाची एकहि नाहीं. हॉलंडांतल्या वाखेनिंगेन येथें १९६६ सालीं फ्लाख नांवाच्या गृहस्थांनीं जायफळाची लागवड व तिच्यांतला हा लिंगाचा प्रश्न यावर सबंध प्रबंध लिहिला, यावरूनच तो प्रश्न किती चिवट आहे हें ध्यानांत यावें. खात्रीचा मार्ग एकच, तो कलमांचा. फळत्या मादीची काडी रोपावर बांधली कीं तें झाड मादीच होणार. त्यांतहि पारख हवी: जायफळाच्या आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम आडवेंच पसरतें, सरळ उंच वाढावयास उभ्या शेंड्याची काडी लागते, आणि अशा काड्या एका झाडावर थोड्याच मिळतात. रातांब्यांतहि दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण अमृता’ ही निवडक जात काढली आहे, तिचीं कलमें मिळतात. रोपांच्या जुगारापेक्षां तीं बरीं.

आमच्यापाशीं मात्र झाडें आधींच उभीं होतीं. २००३ सालीं आम्हीं दोन गोष्टी केल्या. तोडलेल्या नरांपैकीं चार बुंधे फुटले होते. त्यांच्या फुटव्यांवर मादीचे डोळे बांधले. त्यांतले तीन लागले, आणि आज ज्या मुळांना आम्ही वांझ म्हणालों त्यांच्यावरच जायफळें धरतात. पश्चिमेच्या पांच माद्यांपैकीं मधल्या दोघींच्या एकेका फांदीवर विहिरीजवळच्या नराचे डोळे बांधले. एकीची फांदी वाळली. दुसरीची जगली, तीन वर्षांनीं फुलली, आणि त्यानंतर पश्चिमेकडचीं झाडें पुन्हां फळूं लागलीं. पहिलीं फळें उकललीं, तांबडी जायपत्री दिसूं लागली, तेव्हां काकूंनीं तीं स्वतः सुपांत वाळत घातलीं. आम्हीं त्यांना सगळी हकीकत सांगितली होती: तीं झाडें वांझ नव्हतीं, नर होतीं, इतरांचें फळणें त्यांच्यावर अवलंबून होतें, आणि फळ न धरण्याचा दोष ज्यांना लाविला त्यांच्या अंगीं दोषच नव्हता. काकूंनीं सगळें ऐकून घेतलें आणि जायपत्री उलटवीत राहिल्या. काका हयात असतांना त्या दोघांनीं किती नवससायास केले, किती वैद्य झाले, हें मला ठाऊक आहे. प्रत्येक वेळीं औषध काकूंनीं घेतलें. काकांची प्रकृति दाखवावी असें त्या काळीं आमच्या घरांत कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. माझ्याहि नाहीं, आणि मी तर मास्तर होतों.

काकू २०११ सालीं वारल्या. विहिरीजवळचें झाड आतां चांगलें घराएवढें उंच झालें आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत पहाटे रहाटापाशीं गेलें कीं त्याचा मंद वास येतो व खालीं फिकट घंटांचा सडा पडलेला असतो. दादांना आतां वाडींत फारसें उतरवत नाहीं. मृग लागला, खताच्या पाट्या बाहेर पडूं लागल्या, कीं ते पडवींतल्या खाटेवरून गड्याला हांक मारतात आणि आधीं विहिरीवरच्या झाडाला घातलें का म्हणून विचारतात.